शिंगाड्यांमधली गल्ली

वहिनी, तलावात बांबू लागले. ही बातमी आधी तुला सांगायची म्हणून मी कालपासून घरभर फिरते आहे. दर खेपेला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते आणि तुझी रिकामी चूल पाहून परत येते. तू गेलीस त्याला महिना होत आला, पण माझ्या पायांना अजून ते पटलेलं नाही. दादाला सांगितलं तर तो सायकल काढून भरवेलीला खाणीवर निघून गेला, डोळे पुसत. बातमी तर पोटात मावत नाही. म्हणून लिहायला बसले. आता तू ऐक, आणि मध्येच "पुढं सांग, पुढं सांग" करू नकोस. मी सगळं पहिल्यापासून सांगणार आहे.

पहिल्यापासून म्हणजे तू आमच्या घरात आलीस तेव्हापासून. मी दहा-अकरा वर्षांची असेन. भंडाऱ्याकडची, नदीकाठच्या गावातली मुलगी दादाला केली, एवढंच मला ठाऊक होतं. लग्नाची हळद उतरली नव्हती तेव्हाची गोष्ट. आपण सगळ्या वैनगंगेवर धुणं घेऊन गेलो होतो आणि आत्याबाईची पितळी घागर धारेला लागली. बायका काठावर उभ्या राहून नुसत्या ओरडत होत्या. तू कासोटा घातलास आणि हिरव्या चुड्यानिशी पाण्यात शिरलीस. घागर घेऊन बाहेर आलीस तेव्हा आई कपाळाला हात लावून बसली होती.

"नवी नवरी हायस ना तू? लोकं काय म्हणतीन?"

"म्हणतीन का घागर वाचली," तू म्हणालीस आणि पदर पिळायला लागलीस.

त्याच दिवशी मी मनात ठरवून टाकलं की ही नावाला दादाची बायको आहे, पण आलेली आहे माझ्यासाठी. दादाने यावर कधी तक्रार केली नाही. त्याला पाण्याची भीती वाटायची, हे तू लग्नानंतर किती तरी दिवसांनी मला हसत हसत सांगितलंस.

तू मला उन्हाळ्यातल्या नदीत शिकवलंस. पोटाखाली तुझा हात, आणि तो तू कधी काढून घेतलास ते मला कळलंच नाही. मागे वळून पाहिलं तर तू लांब उभी राहून हात हलवत होतीस. त्या घटकेला मला जे वाटलं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आज सांगते. मला वाटलं, आता मला कुणी काही करू शकत नाही. त्यानंतर तू कुठेही गेलीस तरी आधी पाणी बघायचीस आणि मीही तुझ्यामागे बघायला लागले. हट्ट्याची बावडी पाहायला गेलो तेव्हा बाकीचे दगडी खांब पाहत होते, आणि तू त्या राखणदाराला विचारत होतीस की पाणी किती खोल आहे आणि तळाला गाळ आहे का.

मग शाळेत कळलं की पाऊस सरल्यावर जबलपूरला शाळांचे सामने असतात आणि त्यात मुलींचं पोहणंही असतं. मी धावत घरी आले. तू भाकरी थापत होतीस, ती परातीत तशीच राहिली. आपण दोघी वेड्यासारख्या बोलत सुटलो होतो, आणि मग तुझ्याच लक्षात आलं की सामने पावसानंतर आहेत तर सराव पावसातच करायला हवा. पावसाळ्यात वैनगंगा कशी असते ते तुला कुणी सांगायची गरज नव्हती. तू म्हणालीस, नदीत नाही. मी म्हटलं, मग भरवेलीला.

भरवेलीला खाणीचा जुना खड्डा होता, हिरव्या पाण्याने भरलेला. तिथल्या वसाहतीतली पोरं चौकीदाराची नजर चुकवून त्यात उड्या मारायची. मीही दोन मैत्रिणींना घेऊन एकदा गेले. कडे सरळ तुटलेले, पाय ठेवायला जागा नाही, आणि खाली काय आहे ते कुणालाच माहीत नाही. पण पाणी मोठं होतं आणि मला तेवढं पुरे होतं. दादा तिथेच खाणीत कामाला, त्याने मला पाहिलं आणि घरी सांगितलं. तू त्याची सायकल घेऊन, चप्पल न घालता आलीस. कान धरून मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलंस आणि घरी आणलंस. दारात उतरल्यावर विचारलंस.

"काहून गेलतीस तिथी?"

"पाणी काय कोणाच्या बापाचं हाय?" मी म्हटलं.

"आपल्या आईनं चोरून पाणी भरलं, नलू. घाटावर कोणी नसे तवा जाऊन भरलं. आता तू चोरून पोह्यशील काय?" तुझा आवाज चढला नव्हता. "पोहायचं तं दिवसाढवळ्या पोहू. विचारून पोहू. आन कोणी तरी काठावर उभं राहीन असं पोहू."

आई ओसरीवर बसली होती. तिने ते ऐकलं आणि मान फिरवली. बाबा धम्मदीक्षा घेऊन आले त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, आणि घरात जुन्या दिवसांबद्दल कुणी बोलत नसे. मला तुझा राग आला होता. विचारायचं कुणाला आणि कशाला, हे मला त्या वयात कळत नव्हतं. आपलं हे भांडण पुढे कित्येक वर्षं चाललं, आणि खरं सांगू, अजून माझ्याकडून ते पुरतं मिटलेलं नाही. पाण्यासाठी परवानगी मागावी लागते हेच मला खुपतं. पण दिवसाढवळ्या पोहण्यात काय असतं ते मी तुझ्यामुळेच चाखलं.

लालबर्ऱ्याच्या रस्त्याला लागताना तो तलाव आहे. बारा महिने पाणी, उतरता काठ, धार नाही. सरावाला याहून चांगली जागा बालाघाटात नव्हती. अडचण एकच होती, आणि ती तलावभर पसरलेली होती. दरवर्षी तलावाचा ठेका ढिवर कोळ्यांकडे जायचा आणि पाऊस लागला की ते त्यात शिंगाडे लावायचे. तू कचेरीत गेलीस. तिथल्या साहेबांनी सांगितलं, "तालाब ठेके पर है. साल भर पानी उन्हीं का. वो हाँ कह दें तो हमें क्या." तू परत आलीस ती नाचतच. मला वाटलं नकार मिळाला म्हणून डोकं फिरलं. तू म्हणालीस, अगं, कोणाला विचारायचं ते तर कळलं.

मग तू डोमाजींकडे गेलीस. ते ठेकेवाल्यांचे म्होरके. छातीभर पाण्यात उभे राहूनच ते तुझ्याशी बोलले.

"बाई, हे शिंगाड्याचं पानी हाय. पोरी येतीन, शिंगाडे तोडतीन. वेल पायात गुतला तं बुडतीन. मंग पोलिस कोणाले धरतीन? मलेच ना?"

त्यांचं काही चुकत नव्हतं, हे तूच मला वाटेत समजावलंस. दुसऱ्या दिवशी तू परत गेलीस. बोलायला नाही, लावणीला. शिंगाड्याची रोपं पायाच्या अंगठ्याने तळाच्या गाळात दाबावी लागतात, हात तिथवर पोचत नाही. त्यांच्या बायकांबरोबर तू पाण्यात उभी राहिलीस आणि लावणी संपेपर्यंत रोज जात राहिलीस. पहिल्या दिवशी तुझी निम्मी रोपं वर तरंगत आली, आणि त्या बायका इतक्या हसल्या की तूही हसत सुटलीस. शेवटच्या दिवशी डोमाजींनी तलावाच्या मधोमध, या काठापासून त्या काठाच्या वेलांपर्यंत, एक पट्टी मोकळी सोडली. दोन्ही बाजूंनी बांबू रोवले.

"गल्ली सोडली, बाई. पन पोरींचा हात वेलाले लागला नाई पाह्यजे. बांबूलेई नाई, बांबू हालला का आमचा हिस्सा सरकते. आन काठावर तुमी सोता लंबा बांबू घेऊन उभ्या राहा, कोणी गुतली तं ओढाले. तुमी हायत तं पोरी पान्यात. तुमी नाई, तं गल्ली बंद."

"हौ," तू म्हणालीस. एका शब्दात कबूल करून टाकलंस. त्याची किंमत काय होती हे माझ्या लक्षात यायला वर्षं जावी लागली. आमच्यात सगळ्यांत चांगलं पोहणारी तू होतीस, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात तू काठावर उभी होतीस. डोक्यावर पोतं, हातात बांबू, पाय चिखलात. मी एकदा म्हटलं, वहिनी, थोडा वेळ ये ना आत, बांबू मी धरते. तू म्हणालीस, मी शब्द दिला आहे. मी वर तोंड करून म्हटलं, मी तर बाई जन्मात काठावर उभी राहणार नाही. तू हसलीस फक्त.

ती गल्ली म्हणजे काय मजा होती. सकाळी वेलांची पानं पाण्यावर पसरलेली, त्यांच्यावर थेंब, आणि मधून आपली काळी स्वच्छ वाट. आम्ही सहाजणी होतो, वस्तीतल्या चार आणि भरवेलीच्या वसाहतीतल्या दोन. पाय खाली सोडले तर वेलात जायचे, म्हणून आम्ही पाय वरच्या वर मारायला शिकलो. शेवटच्या बांबूपाशी पोचलं की हातभर आधी थांबायचं, हात छातीशी घ्यायचे आणि जागच्या जागी वळायचं. एखादीचा हात लांबला की तू काठावरून ओरडायचीस, "हात आवर." झोपेतसुद्धा मी हात आवरायचे, असं आई म्हणायची.

आणि मग जबलपूर. वहिनी, मला आजही लिहिताना हसू येतं आहे. छोट्या लाईनच्या गाडीने आपण गेलो, तू काळ्या पॉपलिनचा शिवलेला माझा पोषाख फडक्यात बांधून मांडीवर घेऊन बसली होतीस. तिथला सिमेंटचा तलाव पाहून मी तुझा हात घट्ट धरला. पाण्याखालचा तळ दिसत होता. मी म्हटलं, वहिनी, याच्यात वेल नाही, गाळ नाही, यांना पोहायला कोण अडवतं? शिट्टी झाली आणि मी सुटले. पाय मनासारखे मारता येत होते. एवढी मोकळी मी कधीच नव्हते. बाजूच्या मुली मागे पडत गेल्या ते मला दिसत होतं. भिंत आली. मी सगळ्यांच्या आधी भिंतीशी पोचले, हातभर आधी थांबले, हात छातीशी घेतले, आणि तुझ्याकडे बघून हसले.

सगळे ओरडत होते. मला वाटलं माझंच कौतुक चाललंय. मी तशीच तरंगत राहिले आणि बाकीच्या एकेक करून येऊन भिंतीला हात लावून गेल्या. पंच खाली वाकून "छुओ बेटी, छुओ" म्हणत होता. मला वाटलं, दुसऱ्याच्या भिंतीला मी कशाला हात लावू? शेवटी मी हात लावला तेव्हा मला शेवटचा नंबर मिळाला.

मी बाहेर येऊन रडायला लागले. तू माझ्या अंगावर टॉवेल टाकलास आणि तुझे खांदे हलत होते. मला वाटलं तूही रडते आहेस. तू हसत होतीस. नैनपूरला गाडी बदलेपर्यंत तू हसत होतीस, आणि मग मीही. डब्यातल्या एका बाईने विचारलं, जिंकून आल्यात का? तू म्हणालीस, "हौ, जिंकली. फक्त सांगायचं राह्यलं."

घरी आल्यावर भांडण लागलं. मी म्हणायची, चूक माझी. तू म्हणायचीस, मी शिकवलं तेच तू केलंस, मग चूक माझी. दादा म्हणायचा, दोघींनी वाटून घ्या. ते काही आपण वाटून घेतलं नाही. त्या भांडणातून तू एक नवीन मागणी तेवढी काढलीस. गल्लीच्या टोकाला एक जाड फळी रोवायची, पोरींना हात लावायला. डोमाजी ऐकेनात. त्या टोकाला त्यांचा सगळ्यांत चांगला गाळ होता, फळीवर हात आपटले की गाळ हलणार आणि वेल सुटणार. गल्ली त्यांनी एकाही वर्षी नाकारली नाही, पण फळीचं नाव काढलं की ते म्हणायचे, "पुढल्या साली पाहू, बाई." तू दर वर्षी मागितलीस आणि त्यांनी दर वर्षी पुढच्या सालावर टाकली. मी तुला म्हणायचे, सोड ना आता. तू म्हणायचीस, नाही म्हणाले नाहीत ना अजून.

यंदा वैशाखात तुला कावीळ झाली. डोळे पिवळे झाले, अंगातली ताकद गेली, पण तुझं बोलणं तलावाचंच. भरवेलीची कांता यंदा जबलपूरला जाणार, तिचे पाय चांगले आहेत, श्वास कमी पडतो. एका दुपारी तू माझं मनगट धरलंस.

"नलू, यंदा बांबू तू धर."

"बरी झाल्यावर तूच धरशील," मी म्हटलं.

मी हो म्हणायला हवं होतं. मला वाटलं, हो म्हटलं तर तू जाशील. तू तरीही गेलीस.

तुझ्या जलदानविधीच्या दिवशी घर भरलं होतं. तुझ्या पोहणाऱ्या पोरी एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. डोमाजी आले होते, अंगणातच बसले, आणि उठून गेले. दादा म्हणाला, हिने सगळ्यांकडे पाणीच मागितलं. माझ्या मनात एकच चाललं होतं. तू आहेस तर गल्ली, तू नाहीस तर गल्ली बंद, असा शब्द होता. तू नव्हतीस. पाऊस लागला आणि कांता रोज शाळेतून येताना दारात उभी राहून विचारू लागली, "बाई, यंदा पोहायचं का?" मी म्हणायची, बघू. तिच्या वाटणीचं पाणी माझ्यामुळे हातचं जाणार, या धास्तीने मला जेवण जात नव्हतं. विचारायला जायला धीर होत नव्हता, आणि तू किती वर्षं कशी जात होतीस याचं नवल वाटत होतं.

काल सकाळी उठले आणि ठरवलं, नाही म्हणाले तर नाही. कांताला बरोबर घेतलं. वाटेत काय बोलायचं ते मनात घोळवत होते. नमस्कार डोमाजी, वहिनींनी जसा शब्द दिला होता तसा मी देते. चढावर पोचलो आणि कांताने माझा हात ओढला.

वहिनी, गल्ली सोडलेली होती. कुणी मागितली नव्हती, कुणी गेलं नव्हतं, आणि तलावाच्या मधोमध आपली वाट उघडी होती. दोन्ही बाजूंनी बांबू, नवे, अजून हिरवे. आणि टोकाला, जिथे आम्ही हात आवरायचो तिथे, दोन खांबांवर आडवी ठोकलेली फळी. चांगली जाड, सागाची. तिच्या मागचा तो चांगला गाळ एवढा मोठा मोकळाच सोडलेला, रोप न लावता.

डोमाजी पाण्यातून आमच्याकडे आले. आता ते थकलेत, काठ चढताना मी हात दिला.

"बाई दर साली मांगत होत्या. मी म्हनत होतो पुढल्या साली, पुढल्या साली." ते फळीकडेच पाहत होते. "पुढलं साल आलं. बाई नाई आल्या."

मला घोळवलेलं एकही वाक्य आठवेना. मी नुसतं म्हटलं, "काठावर मी उभी राहीन."

"ते तं राहाच लागते," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हातातला लांब बांबू चिखलात टेकवला. "पन पहिले फळीले हात तुमी लावा. इतक्या वर्षांचं राह्यलं हाय. तवरक मी उभा राहतो."

मी साडीचा कासोटा घातला, तुझ्यासारखा, आणि शिरले. पाणी गार होतं. पाय वरच्या वर मारत गेले, सवयच ती. बांबू दोन्हीकडून मागे जात होते, फळी मोठी होत होती, आणि हातभर अंतर राहिलं तेव्हा वहिनी, माझे हात आपोआप छातीशी आले. अंगात मुरलेलं आहे ते. मी थांबले. काठावरून कांता ओरडली, "बाई, हात लावा." मग मी पुढे झाले आणि दोन्ही हात फळीवर आपटले.

आवाज तलावभर गेला. पलीकडच्या काठावर रोपं बांधत बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. गाळ थोडा हलला, कुठलाही वेल सुटला नाही. मी तिथेच फळीला धरून हसत होते आणि रडत होते, आणि मला आठवत होती नैनपूरपर्यंत हसणारी तू. जिंकून आल्याचं सांगायचं राहिलं होतं ना, ते मी तुला आता सांगितलं.

मग वळून परत आले, ओल्या साडीनेच काठ चढले, आणि डोमाजींच्या हातून बांबू घेतला. कांता पाण्यात शिरली.